नको तो सूर गाळणारी अँटेना : १८९७ ते २०२२

१/
निकोला टेस्ला यांची जयंती आली की समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास फिरू लागते : ‘१९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनींचे पेटंट रद्द केले आणि रेडिओचे खरे जनक टेस्लाच, असा निर्वाळा दिला.’ यातील पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा भाग मात्र निकालपत्रात कोठेही सापडत नाही.

२/
२१ जून १९४३ रोजी निकाल लागलेल्या त्या खटल्यात ‘पहिला संदेश कोणी पाठवला’ हा प्रश्नच नव्हता. बिनतारी प्रक्षेपण प्रथम यशस्वी करणारे म्हणून मार्कोनींचा जो लौकिक आहे, तो येथे वादाचा विषय नाही, असे न्यायालयाने स्वतःच नोंदवले. वाद निवडीचा होता. अवकाशात एकाच वेळी अनेक लहरी असताना हवी तीच उचलायची आणि उरलेल्या नाकारायच्या, तर अँटेना आणि तिला जोडलेले परिपथ कसे रचावेत? या धाग्यात त्या प्रश्नाचा इतिहास पाहू.

३/
आरंभ हाइनरिख हर्ट्झ यांच्यापासून. १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहे येथे त्यांनी विद्युत ठिणगीतून निघणाऱ्या लहरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पकडल्या. त्यांचा ग्राहक म्हणजे बारीक फट ठेवलेले तारेचे कडे. कड्याचे माप प्रेषकाशी जुळले की फटीत ठिणगी स्पष्ट दिसे. न जुळल्यास ती क्षीण होई. सतारीवर मुख्य तार छेडताच खालची तरफेची तार आपोआप झंकारते, पण फक्त तिचा सूर जुळलेला असेल तरच. तेच हे तत्त्व : अनुनाद.

४/
मात्र पुढच्या दशकात बिनतारी संदेशवहन प्रयोगशाळेबाहेर पडले, तेव्हा हे तत्त्व मागे पडले. मार्कोनींच्या १८९६ च्या यंत्रात ठिणगीची फट थेट उंच तार आणि जमीन यांच्यामध्ये होती. ग्राहकाकडे धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी, म्हणजे ‘कोहिअरर’. कोणतीही पुरेशी बलवान लहर आली की किसाचे कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. लहर कोणाची, हे या नळीला कळत नसे.

५/
जोवर जगात प्रेषक मोजकेच होते, तोवर याने काही बिघडले नाही. १९०१ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात ‘अमेरिका चषक’ नौकाशर्यत झाली. शर्यतीची बातमी किनाऱ्यावर प्रथम पोहोचवण्यासाठी मार्कोनी, ली डी फॉरेस्ट आणि आणखी एक प्रतिस्पर्धी कंपनी, असे तिघे एकाच वेळी संदेश पाठवू लागले. परिणामी संदेशांचा चुथडा झाला. तिघांचीही यंत्रे चालू होती; दोष होता तो ग्राहकांना निवड करता येत नव्हती, याचा.

६/
मग अँटेना जुळवून का घेतली नाही? येथे भौतिकशास्त्राचा एक पेच आहे. घंटेवर टोल दिला की ती बराच वेळ घुमते आणि तिचा सूर नेमका ओळखू येतो. ताशावर काठी मारली की आवाज मोठा होतो, पण क्षणात विरतो आणि त्यातून एक सूर वेगळा काढता येत नाही. उंच, उघडी तार ताशासारखी असते. ती ऊर्जा झपाट्याने बाहेर फेकते, म्हणून प्रेषणाला उत्तम. पण आंदोलने लगेच मरतात, म्हणून तिची लहर वारंवारतेच्या मोठ्या पट्ट्यावर पसरते.

७/
उलट, तारेचे वेटोळे आणि लेडन जार यांचा बंदिस्त परिपथ घंटेसारखा असतो. त्यात आंदोलने टिकतात, सूर धारदार असतो, पण तो बाहेर जवळजवळ काहीच फेकत नाही. थोडक्यात, जी तार चांगली बोलते ती नेमके ऐकत नाही आणि जो परिपथ नेमके ऐकतो तो बोलत नाही. अँटेनाच्या निवडक्षमतेचा पुढचा सारा इतिहास या एका पेचाभोवती फिरतो.

८/
हा पेच प्रथम ओळखणाऱ्यांत लिव्हरपूलचे प्राध्यापक ऑलिव्हर लॉज हे प्रमुख होते. १८८९ मध्ये त्यांनी दोन लेडन जार काही अंतरावर ठेवून दाखवले की एकात ठिणगी पाडली तर दुसऱ्यात आपोआप ठिणगी उठते. मात्र दोहोंच्या तारांची लांबी जुळवावी लागते. सरकती दांडी थोडी हलवली की दुसरा जार मुका होई. या सुरेल जुळणीला त्यांनी ‘सिंटनी’ म्हटले.

९/
मे १८९७ मध्ये लॉज यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यातील मुख्य कल्पना आज वाचतानाही थक्क करते. अँटेनाच्या दोन धातूमय भागांच्या मधोमध त्यांनी तारेचे वेटोळे बसवले. वेटोळ्यामुळे आंदोलने अधिक काळ टिकत. वेढे कमी-अधिक केले की सूर बदले. प्रेषक आणि ग्राहक दोन्हीकडे अशीच रचना असेल, तर इतर लहरींना ग्राहक फारसा दाद देणार नाही. गाळणी अँटेनाच्या मागे जोडलेली नव्हती; ती अँटेनाच्या अंगातच होती.

१०/
तरी पेच पुरता सुटला नाही. वेटोळे मोठे करावे तर सूर धारदार होई, पण प्रक्षेपण दुबळे पडे. लहान करावे तर उलट. एकाच अवयवाकडून दोन परस्परविरोधी कामे करून घेण्याची ही मर्यादा होती. पुढची पायरी म्हणजे ती कामे दोन अवयवांत वाटणे आणि तरीही दोघांना एकाच सुरात बांधणे.

११/
ही कल्पना थोड्याच वर्षांच्या अंतराने अनेकांना सुचली. जर्मनीत फर्डिनंड ब्राउन यांनी ठिणगी अँटेनातून काढून बंदिस्त परिपथात नेली. टेस्ला यांनी १८९७ मध्ये वीज दूरवर वाहून नेण्यासाठी मागितलेल्या पेटंटात जुळवलेल्या परिपथांच्या जोड्या होत्या. अमेरिकन अभियंता जॉन स्टोन स्टोन यांनी १८९९ च्या उन्हाळ्यात एका मित्राला पत्रे लिहून आपली योजना सविस्तर मांडली आणि ८ फेब्रुवारी १९०० रोजी पेटंटसाठी अर्ज केला.

१२/
मार्कोनींचा ब्रिटिश अर्ज २६ एप्रिल १९०० चा. त्याला मिळालेला क्रमांक होता ७७७७. ‘चार सात’ या नावाने हे पेटंट इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचे सार असे : प्रेषकात एक बंदिस्त परिपथ ऊर्जा साठवतो आणि सैलसर जोडणीतून ती थोडीथोडी अँटेनाला देतो. ग्राहकाकडे अँटेना आणि बंदिस्त परिपथ अशीच दुसरी जोडी. हे चारही परिपथ एकाच वारंवारतेला जुळलेले.

१३/
आजच्या भाषेत सांगायचे, तर ही प्रत्येक बाजूला दोन-दोन अनुनादकांची गाळणी होती आणि त्या गाळणीचा एक अनुनादक म्हणजे स्वतः अँटेना. अँटेनाने किती बोलावे आणि किती नेमके ऐकावे, हे आता दोन परिपथांमधील जोडणी किती घट्ट ठेवावी यावर ठरवता येऊ लागले. अभियंत्याच्या हाती प्रथमच एक अशी कळ आली, जिने पेचाच्या दोन टोकांमधला तोल सांभाळता येई.

१४/
याचे प्रात्यक्षिक १९०० मध्ये झाले. वाइट बेटावरील सेंट कॅथरिन्स येथून सुमारे ३० मैलांवरील पूल या गावी दोन संदेश एकाच वेळी पाठवले गेले, एक इंग्रजीत, दुसरा फ्रेंचमध्ये. पूल येथे एकाच उंच तारेला दोन ग्राहक जोडले होते आणि प्रत्येकाने आपापलाच संदेश कागदावर उतरवला. मार्कोनींचे सल्लागार जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी ऑक्टोबरमध्ये ‘द टाइम्स’ला पत्र लिहून हे जगाला कळवले.

१५/
पण जुळवणी म्हणजे गुप्तता नव्हे, हे लवकरच चव्हाट्यावर आले. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग व्याख्यान देत होते. मार्कोनींचा संदेश यायच्या आधीच यंत्रावर ‘रॅट्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला. मागोमाग मार्कोनींची टिंगल करणाऱ्या ओळी आल्या. हा उद्योग जादूगार आणि बिनतारी प्रयोगकर्ते नेव्हिल मॅस्केलाइन यांचा होता. त्यांनी तो लपवलाही नाही. दावे फोल असल्याचे दाखवणे हाच आपला हेतू, असे त्यांचे म्हणणे होते.

१६/
मॅस्केलाइन यांच्यापाशी साधा ठिणगी प्रेषक होता, पण तो जवळ होता. जवळच्या ठिणगीचा जोरदार धक्का बसला की कोणतीही तार आपल्याच सुरात झंकारू लागते. मग धक्का कोणत्या सुराचा होता, याला फारसे महत्त्व उरत नाही. गाळणी कितीही चांगली असली, तरी शेजारचा गोंगाट अतिबलवान असेल तर ती हरते. हे सूत्र पुढे पुन्हा भेटणार आहे.

१७/
दरम्यान लॉज यांनी अलेक्झांडर म्यूरहेड यांच्यासह आपली पद्धत विकसित केली होती. तिचा एक महत्त्वाचा वापर आपल्याकडेच झाला. १९०५ च्या सुमारास भारताच्या तार खात्याने अंदमानातील पोर्ट ब्लेअर आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळील डायमंड बेट यांना लॉज-म्यूरहेड यंत्रांनी जोडले. समुद्रावरून सुमारे ३०० मैलांचे अंतर. दंडवसाहतीचे ते बेट मुख्य भूमीच्या बोलण्याच्या टप्प्यात आले.

१८/
१९११ मध्ये इंग्लंडात न्यायमूर्ती पार्कर यांच्यासमोर दोन्ही पेटंटे आली. त्यांनी ७७७७ वैध ठरवले. आणि लॉज यांना त्यांच्या शोधाचा पुरेसा मोबदला मिळाला नाही, असे मानून लॉज यांच्या पेटंटाची मुदत ७ वर्षांनी वाढवली. म्हणजे लॉज यांच्या परवानगीवाचून मार्कोनी कंपनीला पुढे जाणे अवघड झाले. त्याच वर्षी कंपनीने लॉज यांचे पेटंट विकत घेतले. जुळवणीचा अग्रमान कोणाचा, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

१९/
या कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नात माणसांचे प्राण गुंतले होते, हे एप्रिल १९१२ ने दाखवले. १४ तारखेच्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या बिनतारी चालकाने ‘टायटॅनिक’ला कळवले की आम्ही बर्फात थांबलो आहोत. जहाज जवळ असल्याने हा संदेश ‘टायटॅनिक’च्या चालकाच्या कानी कर्कश आदळला. तो दूरच्या केप रेस केंद्राचे क्षीण संकेत ऐकत प्रवाशांच्या तारा पाठवत होता. त्याने समोरच्याला गप्प राहायला सांगितले. थोड्या वेळाने ‘कॅलिफोर्नियन’चा चालक यंत्र बंद करून झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टक्कर झाली.

२०/
त्या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत. वेग, होड्यांची कमतरता, रात्रपाळीला चालक नसणे. पण इशारा देणारा जवळचा आवाज दूरच्या आवाजाला बुडवतो, म्हणून त्यालाच गप्प करावे लागते, ही परिस्थिती निवडक्षमतेच्या अभावातून आली होती. ऑगस्ट १९१२ च्या अमेरिकी रेडिओ कायद्याने प्रेषकांची लहर ‘शुद्ध’ आणि ‘धारदार’ असावी, अशी अट घातली आणि आंदोलने किती झपाट्याने विरावीत यालाही आकड्यांत मर्यादा घातली. ताशाने घंटेसारखे वाजावे, असा जणू कायदाच झाला.

२१/
पण ठिणगीचा प्रेषक कायद्याने सुधारण्याजोगा नव्हता. अखंड लहरी निर्माण करणारी यंत्रे आणि निर्वात नळ्या आल्या, तेव्हाच तो मागे पडला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने त्याच्या टप्प्याटप्प्याने निवृत्तीचा मार्ग आखला. त्याच वर्षी भारत-इंग्लंड बीम वायरलेस सेवा सुरू झाली. तिचे भारतातील प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र मात्र सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर दौंडला होते.

२२/
एकाच सेवेची दोन केंद्रे इतक्या अंतरावर का? कारण खडकीच्या बलवान प्रेषकाशेजारी इंग्लंडहून आलेला क्षीण संकेत ऐकणे अशक्यप्राय झाले असते. इंग्लंडातही तीच तजवीज होती. प्रेषक ग्रिम्सबीजवळ, ग्राहक स्केगनेसजवळ. जे काम अँटेना आणि परिपथ पुरते करू शकत नव्हते, ते अंतराकडून करून घेतले गेले. पुणे-दौंड लोहमार्गाची ती लांबी म्हणजे एका अर्थी गाळणीचाच एक भाग होती.

२३/
याच काळात गाळणी अँटेनापासून वेगळी झाली. १९१५ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी स्वतंत्रपणे विद्युत फिल्टरची रचना मांडली. १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटेरोडाइन ग्राहक योजला. त्यात आलेली प्रत्येक लहर आधी एका ठरावीक वारंवारतेवर आणतात आणि तिथे एकच उत्तम गाळणी वापरतात. आता अँटेनाने निवड करण्याची गरज उरली नाही. तिने सगळे गोळा करावे. निवड आतली यंत्रणा करील.

२४/
ही श्रमविभागणी दीर्घकाळ यशस्वी ठरली, पण तिची किंमत होती. अँटेना आणि फिल्टर स्वतंत्रपणे बनवून एकमेकांना जोडले की जागा लागते, जोडणीत आणि फिल्टरमध्ये थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि नको असलेला बलवान संकेत यंत्राच्या उंबरठ्यापर्यंत येतोच. मोबाइलच्या काळात एकेका मनोऱ्यावर आणि एकेका हातयंत्रात अनेक अँटेना दाटीने बसू लागल्या. प्रत्येकीमागे वेगळा फिल्टर ठेवणे जड जाऊ लागले.

२५/
म्हणून या शतकात संशोधक ‘फिल्टरिंग अँटेना’कडे वळले. कल्पना अशी : फिल्टरमध्ये अनुनादकांची साखळी असते; तिचा शेवटचा अनुनादक म्हणून अँटेनालाच बसवायचे. किंवा अँटेनाच्या धातूच्या पत्र्यात नेमक्या मापाच्या खाचा पाडायच्या, शेजारी दुसरा पत्रा ठेवायचा, जमिनीला जोडणाऱ्या बारीक खिळ्या योग्य जागी बसवायच्या. मग ठरावीक वारंवारतांवर पत्र्यावरील विद्युतप्रवाह एकमेकांना छेदतात आणि अँटेना तेथे मुकी, बहिरी होते. हव्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना असे ‘शून्य’ बसवले की वेगळ्या फिल्टरवाचून कड धारदार होते.

२६/
लॉज यांच्या १८९७ च्या आकृतीशेजारी ही रचना ठेवून पाहावी. साहित्य बदलले आहे, वारंवारता हजारो पटींनी वाढली आहे, गणित कितीतरी सूक्ष्म झाले आहे. पण गाळणी अँटेनाच्या अंगातच असावी, हा विचार तोच. आणि पेचही तोच : धार वाढवावी तर पट्टा अरुंद होतो, प्रक्षेपण वाढवावे तर धार बोथट होते.

२७/
धार बोथट राहिली तर काय होते, याचे ताजे उदाहरण १९ जानेवारी २०२२ चे. अमेरिकेत ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ५जी सेवा सुरू होणार होती. विमाने जमिनीपासूनची उंची रेडिओ अल्टिमीटरने मोजतात. तो चालतो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झमध्ये. पट्टे वेगळे, मध्ये मोकळी जागाही होती. पण काही जुन्या अल्टिमीटरांची गाळणी सैल होती; शेजारच्या पट्ट्यातील बलवान संकेत आत शिरण्याची भीती होती.

२८/
एअर इंडियाने त्या दिवशीची अमेरिकेची अनेक उड्डाणे रद्द केली. त्यात मुंबई-नेवार्कही होते. बोइंग ७७७ ला मुभा मिळताच ती पुन्हा सुरू झाली. पुढे अमेरिकेच्या विमान नियामकाने असे अल्टिमीटर बदलण्याची किंवा त्यांना फिल्टर बसवण्याची सक्ती केली. मॅस्केलाइन यांची ठिणगी, ‘टायटॅनिक’च्या चालकाच्या कानठळ्या, खडकी-दौंडचे अंतर आणि हे अल्टिमीटर ही एकाच प्रश्नाची चार रूपे आहेत.

२९/
आता पुन्हा १९४३. मार्कोनींच्या अमेरिकन कंपनीने १९१६ मध्ये सरकारवर दावा लावला होता : आमची पेटंटे विनापरवाना वापरली, भरपाई द्या. निकालात मार्कोनींच्या चार परिपथांच्या अमेरिकन पेटंटातील कळीचे दावे अवैध ठरले. आधार होता लॉज, टेस्ला आणि विशेषतः स्टोन यांच्या आधीच्या कामाचा. स्टोन यांचा अर्ज मार्कोनींच्या अमेरिकन अर्जाहून नऊ महिने जुना होता आणि १८९९ ची ती खासगी पत्रे पुरावा म्हणून कामी आली.

३०/
हा निकाल ऐकायला त्यांपैकी कोणीही हयात नव्हते. मार्कोनी १९३७ मध्ये गेले, लॉज १९४० मध्ये. टेस्ला जानेवारी १९४३ मध्ये आणि स्टोन मे १९४३ मध्ये, निकालाच्या अवघा महिनाभर आधी. ज्यांच्या बाजूने पुराव्याचा काटा सर्वाधिक झुकला, त्या स्टोन यांचे नाव आजच्या फिरत्या संदेशात शोधूनही सापडत नाही.

३१/
‘जनक कोण’ या प्रश्नाला एक नाव लागते, म्हणून असे संदेश एक नाव घेतात आणि उरलेली गाळून टाकतात. आपल्याकडे या वादात जगदीशचंद्र बोस यांचेही नाव येते. त्यांचे मिलिमीटर लहरींवरील काम स्वतंत्रपणे थोर आहे. त्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाच्या जागी बसवण्याची गरज नाही. पेटंटांच्या तारखा, पत्रे आणि निकालपत्रे वाचली की दिसते ते असे : लहर दूर पोहोचवणे हे अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे हजार लहरींतून एक ऐकणे. ते काम अनेकांनी मिळून केले आणि ते अजून चालू आहे.

धागा समाप्त. टेस्ला जयंतीला तो संदेश पुन्हा आला, तर उत्तरादाखल क्रमांक २ आणि २९ पुरेसे ठरावेत.